घरातून एकजण

“उसव! आत्ताच्या आत्ता उसव!” धाकट्याने कोट मशीनवरून हिसकावला आणि थोरल्याच्या मांडीवर भिरकावला. “बाही वाकडी गेलीय, दिसत नाही? तुला काज-बटणं दिली होती ना, दादा? मशीनला हात कशाला लावलास?”

माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात अवघडून उभं होतं. थोरला बाहीची शिवण उसवू लागला. हात अजून तेच होते. दगा दिला होता तो पायाने! एके काळी तो याच टेबलावर कोट बेतायचा तेव्हा शेजारचे दुकानदार कामं टाकून बघत राहायचे. मग लढाई आली, घरटी एकजण द्यायचा हुकूम आला, आणि सुई धरणारा तो हात विमानाच्या दाराची कड धरून उभा राहिला. उडी मारताना इतरांना मरणाची भीती वाटे. याला वाटे, ही हवाई छत्री कुणी शिवली असेल, घाईत एखादा टाका तर सुटला नसेल? छत्री दरवेळी उघडली... पण शेवटच्या उडीत धुक्यातलं दगडी कुंपण दिसलं नाही. घोटा मोडला, जुळला तो वाकडाच! आता पायडलवर पाऊल ठरत नव्हतं, आणि सारी गल्ली त्याला ‘छत्रीवाला’ म्हणत होती.

“तुझं बरं होतं!” धाकट्याचा तोल सुटलाच. “आभाळात उड्या मारल्यास, हारतुरे घेतलेस... इथे दुकान, आईचं आजारपण, सगळं मी निस्तरलं!”

“जीभ आवर!” आतल्या खोलीतून आई पुढे आली.

“आई, नको!” थोरला ओरडला. “तू शब्द दिलायस!”

“जळो तो शब्द! किती दिवस बघू त्याला असा खालमानेने बसलेला?” ती धाकट्याकडे वळली. “कर्ता म्हणून याला सूट होती रे... जायचं होतं तुला! तुझी बायको पोटुशी. मी रडत होते, ते याने पाहिलं. ‘मी जातो, त्याला कळू देऊ नकोस,’ म्हणाला... आणि स्वतःचं ठरलेलं लग्न मोडून गेला!”

धाकटा तिथेच बसला आणि त्याने थोरल्याचे पाय घट्ट धरले. “दादा... मी काय काय बोललो तुला!”

“सोड. त्यातला एक आधीच कामातून गेलाय!” थोरला हसायला गेला आणि त्याचा आवाज फुटला. “मला तुझे अश्रू नकोत रे... दया तर नकोच नको! बटणं लावता लावता रोज थोडा थोडा मरतोय मी. काम दे मला... माझं काम!”

धाकटा उठला. डोळे पुसून दाराकडे वळला. “आत या, साहेब. माप दादा घेतील, कोटही तेच बेततील.”

थोरला टेबलाचा आधार घेत उभा राहिला. त्याने गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप लावली.

“ताठ उभे राहा,” तो म्हणाला.

आणि त्याने सांगितलेला प्रत्येक आकडा धाकटा मान खाली घालून लिहीत गेला.