जेटी लेनची पहिली फीत

मेरेआना तिपोकी बसली नाही. तिनं हातातलं पुस्तक खासगी गुप्तहेर ऊना कॅलाघनच्या टेबलावर आपटलं.

"पान अकरा वाचा."

जेटी लेन रेकॉर्ड्सच्या पंचवीस वर्षांचा तो इतिहास होता. शनिवारी डनीडनमध्ये त्याचं प्रकाशन व्हायचं होतं. पान अकरावर लिहिलं होतं की कंपनीची पहिली रेकॉर्ड संस्थापक नेव्हिल ड्रिस्कल यांनी स्वतःच्या हातांनी ध्वनिमुद्रित केली.

"धादांत खोटं," मेरेआना म्हणाली. "गायले मी. ध्वनिमुद्रणाच्या मशीनवर माझी बहीण होती, हिनेवाई. नेव्हिल चहा करायचा. गेल्या हिवाळ्यात ती गेली आणि याचं फावलं."

"पुरावा?" बेसिलनं विचारलं. हा ऊनाचा धाकटा दीर. तिची गाडी चालवायचा, टिपणं घ्यायचा.

"मूळ फीत. दर गाण्याआधी हिनेवाईचा आवाज होता त्यावर. रविवारी ऐकली, मशीनवर चढवलेलीच ठेवली आणि नेव्हिलला म्हटलं, प्रकाशनात हीच वाजव. काल बघते तर फीत कोरी." तिचा जबडा आवळला. "तिचा तेवढाच आवाज उरला होता."

स्टुडिओ बंदराला लागून, लोकरीच्या जुन्या गोदामात होता. मेरेआना दोघांना तिथे घेऊन गेली. किल्ल्या दोनच. एक नेव्हिलकडे, दुसरी ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या डॉटकडे.

"मला काय विचारता?" नेव्हिल म्हणाला. "मशीन डॉटच्या हातात. महिनाभर तिचं माझ्याशी वाकडं आहे."

"सतरा वर्षं राबले इथे," डॉट कडाडली, "आणि आता माझ्यावर ढकलताय?"

कोपऱ्यात इस्त्रीएवढं एक जड यंत्र होतं. ऊनानं ते उचलून पाहिलं. "हे काय?"

"फीत पुसायचं चुंबक," डॉट म्हणाली. "वरून फिरवलं की अर्ध्या मिनिटात कोरी."

"बरं. ती फीत ऐकू या."

"डॉट, लाव," नेव्हिल खिशातले हात न काढता म्हणाला.

डॉटनं आधी मिक्सरच्या सगळ्या खुंट्या खाली ओढून माइक बंद केले, बघायचीही गरज न पडता. मग फीत चढवून एकच खुंटी वर केली.

बराच वेळ नुसती खरखर. मग दूरवर जहाजाचा भोंगा. खुर्चीची करकर. पुन्हा खरखर.

"वहिनी, डॉटच," बेसिल कुजबुजला. "मशीन तिलाच येतं."

"म्हणूनच ती नाही, भाऊजी," ऊना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "डॉटला पुसायचं असतं तर चुंबक फिरवून ती मोकळी झाली असती. इथे कुणीतरी जुन्या मुद्रणावर शांतता मुद्रित करत बसलं, आणि माइक चालूच राहिला. भोंगा आला, खुर्ची आली. डॉटचा हात झोपेतही त्या खुंट्या खाली ओढेल. हे काम मशीन न येणाऱ्याचं. आणि किल्ली दोघांकडेच."

नेव्हिल हसला. "मला मशीन येत नाही? पान अकरा वाचा, बाई."

"वाचलंय. मघाशी डॉटला लावायला सांगितलंत. आता तुम्ही लावा."

डॉटनं फीत उतरवून त्याच्या हातात दिली. नेव्हिलनं टोक एका चाकावरून घेतलं, मग दुसऱ्यावरून, मग थांबला. चकती निसटली. फीत उलगडत जमिनीवर गेली. कुणी वाकलं नाही.

"मशीन येत असतं, तर ही चूक तुमच्या हातून झाली नसती," ऊना म्हणाली. "येत नाही, म्हणजे पान अकरा खोटं. आणि फीत पुसणारे तुम्हीच."

नेव्हिल खाली बघत राहिला. "हिनेवाईनं कधी नाव मागितलं नव्हतं."

"मागितलं होतं. माझ्यादेखत," मेरेआना म्हणाली. "तू म्हणालास, पुढच्या रेकॉर्डवर घालू. चौतीस रेकॉर्ड्स निघाल्या, नेव्हिल."

"दुसऱ्या आवृत्तीत घालतो."

"शनिवारी सांगशील. व्यासपीठावर उभा राहून, स्वतःच्या तोंडानं. फीत का पुसलीस तेही, आणि डॉटवर आळ घेतलास तेही. मी समोर बसेन. आमची माणसं असतील."

नेव्हिलनं ओठांवरून जीभ फिरवली. "किती जण?"

"दोन बस सांगितल्यात," मेरेआना म्हणाली.