दीड रेघ

कॅनडातल्या आर्नप्रायर गावी आल्फॉन्स एटमान्स्कीच्या नाण्यांच्या दुकानात बसून व्हर्ना कूलासला एवढंच ठरवायचं होतं: नवऱ्याचा, कॉनराडचा, चांदीचा डॉलर पारखायला टोरांटोला धाडायचा, की सीमेपलीकडे अमेरिकेत.

डॉलर १९५५ सालचा. एका अंगाला तरुण राणी, दुसऱ्या अंगाला नाव वल्हवणारे दोघे. नावेच्या टोकाशी पाण्याच्या रेघा असतात, एरवी तीन. त्या वर्षी मात्र गावातल्या एका कारखान्याने मागवलेल्या डॉलरांवर दीडच रेघ उमटली होती आणि तेव्हापासून तसल्या डॉलरला देशभर ‘आर्नप्रायर’ म्हणतात. कॉनराड सांगायचा, माझ्या बापाला कारखान्यात मिळालेला हा. नाण्यांच्या मंडळात त्याची यथेच्छ टिंगल व्हायची, कारण त्याने तो कधी कुणाच्या भिंगाखाली जाऊ दिला नाही.

ऑक्टोबरात कॉनराड नाव घेऊन एकटाच ऑटवा नदीवर गेला. नाव पालथी सापडली, तो सापडला नाही. धाकटा दीर रोमन तिच्या स्वयंपाकघरात कॉफी ढवळत म्हणाला होता, “वहिनी, दूर अल्बर्टा प्रांतात जाऊन बसला असेल तो. डॉलरचं खोटं बोलला, तो कशाचंही खोटं बोलेल.”

डॉलर विकायचा नव्हताच. कॉनराडचा शब्द खरा ठरवायचा होता.

आल्फॉन्सने नाणं कडांना धरून भिंगाखाली घेतलं. दीड रेघ होती. त्याने फोटो काढून ठेवला आणि दोन्हीकडचं गणित तिला समजावलं. टोरांटोवाले कडक, त्यांचा शब्द इथे चालतो. नाणं मऊ पाकिटात चिठ्ठीसह परत देतात, पाहिजे तेव्हा काढता येतं. अमेरिकेतले मात्र टणक, पारदर्शक डबीत कायमचं बंद करतात, वारा आत जात नाही की बाहेर येत नाही.

“कॉनराडला डब्या आवडायच्या नाहीत,” व्हर्ना म्हणाली. “म्हणायचा, नाण्याचा जीव गुदमरतो.”

“कॉनराडला मंडळातली कॉफीही आवडायची नाही, तरी तीन कप प्यायचा,” आल्फॉन्स म्हणाला. पण ठरलं टोरांटोचंच.

नाताळच्या आधी पाकीट परत आलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: साधा डॉलर, पाण्याच्या रेघा तीन.

आल्फॉन्सने भिंग लावलं. रेघा तीनच होत्या. त्याने आधी घेतलेला फोटो बाहेर काढला. फोटोत दीड होती. तो बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. पाकिटाला आतून दव धरलं होतं. टपालाच्या गाडीत ओल लागली असेल, असं तो म्हणाला. बाहेर तेव्हा कोरडी, कडकडीत थंडी होती.

व्हर्नाने आयुष्य औषधांच्या दुकानात गोळ्या मोजण्यात काढलेलं. मोजायला ती चुकत नसे. घरी खिडकीच्या उजेडात तिने कॉनराडचं भिंग लावलं. दीड रेघ. बशा विसळून आली तेव्हा दोन. जेवणानंतर तीन, आणि तिसरी नावेच्या काठाला टेकलेली. पाणी चढावं तशी. तिने डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत.

मग ती पुन्हा दुकानात गेली. आल्फॉन्सने त्याच सालचे दुसरे डॉलर शेजारी मांडले. त्या सगळ्यांवर मागे बसलेल्याचं वल्हं एकाच बाजूला होतं. तिच्या डॉलरवर ते नावेच्या पलीकडे होतं. डावखुऱ्याने धरावं तसं.

कॉनराड डावखुरा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“अमेरिकेत धाडू,” आल्फॉन्स म्हणाला. “एकदा बंद झालं की बदलणार नाही.”

“आणि दीड रेघ असताना पोचलं नाही तर?”

“तर रोमन खरा.”

मार्चमध्ये डबी आली. नदीवर अजून बर्फ होता. डबीतल्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात ‘आर्नप्रायर’ आणि खाली ‘दीड रेघ’. व्हर्नाने रोमनला बोलावलं. त्याने उभ्यानेच चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, मग टोपी काढली.

“म्हणजे खोटं नव्हता बोलत,” तो म्हणाला. खिडकीतून दिसणाऱ्या नदीवरच्या बर्फाकडे त्याने मान वळवली. “म्हणजे तो तिथेच आहे.”

रविवारी पाद्रीबुवांना सांगून दादाच्या नावाने प्रार्थना करवतो म्हणाला. जाताना व्हर्नाच्या खांद्यावर हात ठेवून गेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

तो गेल्यावर तिने भिंग लावलं.

रेघ दीडच होती. पाणी हललं नव्हतं.

पुढचा माणूस वल्हवत होता. मागच्याचं वल्हं नावेत पडलं होतं. तो उभा होता आणि त्याचं तोंड तिच्याकडे होतं.

त्याच्या तोंडासमोर, डबीच्या आतल्या बाजूला, मोहरीएवढी वाफ धरली. विरली.

पुन्हा धरली.

तिने आल्फॉन्सला फोन लावला. आवाज शांत ठेवून विचारलं, डबी फोडली तर काय होईल?

“फोडलीस तर चिठ्ठी गेली,” तो म्हणाला. “मग रेघा किती होत्या ते रोमनच काय, कुणीच मानणार नाही. का गं?”

तिने फोन खाली ठेवला. खण उघडला. आत कॉनराडची हातोडी होती. टेबलावर डबी होती, आत ठळक अक्षरांची चिठ्ठी, आणि बाजूला रोमन विसरून गेलेली टोपी.

वाफ धरली. या वेळी जरा उशिराने.