बाबांचा आवाज आणि स्टीलची ताटली

२०१४ साल. मी पन्नाशीला टेकले होते आणि माझ्या लग्नाचा विषय घरात कधीच मिटला होता. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेलेला. गळ्याला लावायचं एक छोटं यंत्र होतं. त्याचं बटण दाबलं की घरघरत शब्द निघायचे. ते बनवणारी कंपनी बंद पडली होती, म्हणून आम्ही त्याला जिवापाड जपायचो. आणि बाबांच्या थरथरत्या हातांनी नेमकी त्याची चार्जिंगची खाच मोडली.

दुरुस्तीच्या दुकानात मी यंत्र काउंटरवर ठेवलं, पण हातातून सुटेना.

"सोडा की," दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाले. पिकलेले केस, बोटांना सोल्डरिंगचा वास. "खात नाही मी ते."

"बिघडलं तर बाबा मुके होतील हो..."

"मग खाच नकोच. रिसीव्हर बसवू. तांब्याच्या तारेचं पातळ वेटोळं असतं. यंत्र या चार्जरच्या चकतीवर नुसतं ठेवायचं, बॅटरी आपोआप चार्ज. माझा फोनही तसाच चालतो."

"मधे तार नाही, आणि वीज पोचते?"

"पोचते. फक्त... जवळ असावं लागतं," ते म्हणाले आणि उगाचच स्क्रू शोधू लागले.

रिसीव्हर बसला, चकती घरी आली. तरी मी रोज काहीबाही दुरुस्तीला नेऊ लागले. धडधाकट टॉर्चसुद्धा.

एका सकाळी बाबांनी यंत्र गळ्याला लावलं. ओठ हलले — आवाज नाही. हात लावून पाहिलं, तर यंत्राचं बूड गरम! तशीच धावत दुकानात गेले.

"जळलं का हो ते?"

त्यांनी लगेच हत्यारांची पिशवी उचलली आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. त्या घाईचीच मला जास्त भीती वाटली.

घरी चकतीवर स्टीलची ताटली होती.

"ही कुणी ठेवली?" त्यांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली. "गळ्याला लागणारी वस्तू, तशीच कशी ठेवायची? चांगली धुऊन ठेवली."

"अहो आई, मधे धातू आला की वीज पुढे जात नाही. ताटलीच तापत बसते, बॅटरी रिकामीच राहते," दुकानदार म्हणाले.

"म्हणजे... मीच ह्यांचा आवाज घालवला?"

दुकानदारांनी ताटली काढली, यंत्र गार होऊ दिलं, मग चकतीवर ठेवलं. चार्जिंगचा दिवा लागेना. चकतीतल्या वेटोळ्यावर यंत्रातलं वेटोळं यावं म्हणून केसभर सरकवलं... पुन्हा सरकवलं... माझा हात त्यांच्या बाहीवर कधी गेला, कळलंच नाही. त्यांनीही तो काढला नाही.

दिवा लागला.

जरा चार्ज झाल्यावर बाबांनी यंत्र गळ्याला लावलं. वाटलं, आईला धीर देतील. पण माझ्याकडे बोट दाखवून त्या सपाट आवाजात दुकानदारांना म्हणाले, "ही... चांगल्या वस्तू... दुरुस्तीला... आणते. तुम्हाला... कळत नाही... का?"

"बाबा!"

"कळतं," दुकानदार म्हणाले. कान लालबुंद. "विचारायचा धीर होत नव्हता. या वयात... लोक हसतील."

"मी बोलतो... तेव्हाही... हसतात. मी... थांबलो?"



"मग विचारा ना," शेवटी मीच म्हणाले.

बाबा पुढे चार वर्षं बोलले. शेवटच्या आठवड्यातही आईशी भांडले. बाबांनंतर आई आमच्याकडे राहिली. जावयाच्या चहाला रोज नावं ठेवायची आणि रोज दुसरा कप मागायची. दोन वर्षांपूर्वी तीही गेली. दुकान ह्यांचा पुतण्या चालवतो. ह्यांना आता कमी ऐकू येतं. त्यामुळे मी ह्यांना लाडानं काय म्हणते, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.