फिकट देशातला एक ठिपका

मंडईच्या मागच्या बाजूला, एका सभागृहाच्या पायऱ्यांशी आमच्या लॅबचं टेबल होतं. टेबलावर बर्फाची पेटी, झाकणाच्या छोट्या नळ्या आणि पुढे मीच जाड मार्करनं लिहिलेली पाटी – ‘कृपया येथेच थुंकावे’.

हातात मेथीची जुडी घेतलेला एक माणूस पाटीसमोर थांबला. त्यानं ती दोनदा वाचली, मोबाइल काढला आणि शांतपणे फोटो घेतला.

“जन्मापासून पुण्यात आहे,” तो म्हणाला, “पण अशी पाटी पहिल्यांदाच पाहिली.”

“फोटो फुकट नाही. दोन मिली लाळ द्यावी लागते. आणि बोटातून थोडं रक्त.”

“आणि तुम्ही त्याचं काय करणार?”

“विषाणू शोधणार. हर्पीसच्या घराण्यातला आठवा. कुणाकुणाला त्याच्यामुळे कॅन्सर होतो.”

बहुतेक लोक कॅन्सर म्हटलं की काढता पाय घेतात. त्यानं मेथी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली.

मी फॉर्म भरायला घेतला. नाव सलिल. वय एकतीस. काम – शाळेच्या ॲटलासचे नकाशे काढणं. शेवटचा रकाना रोजच्या औषधांचा. त्यानं तीन नावं घडाघडा सांगितली. पहिलं नाव ऐकूनच माझं पेन थांबलं; बदललेला अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध होतं ते.

“किडनी?” मी विचारलं.

“हो. आईची. सात वर्षं झाली.” हे त्यानं असं सांगितलं, जणू अंगातला शर्ट कुणाचा ते सांगतोय. मग नळीत थुंकायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही जरा तिकडे बघाल का? कुणी बघत असलं की जमत नाही.”

मी तिकडे बघितलं. टोमॅटोचे ढीग बघितले, वांगी बघितली… आणि हसू काही आवरलं नाही.

*

खरं तर एवढ्यावरच संपायचं. पण आमच्या लॅबप्रमुख मॅडमना परिषदेसाठी या विषाणूचा जगाचा नकाशा हवा होता आणि मी केलेला नकाशा वरण सांडल्यासारखा दिसत होता. फॉर्मवरून कुणाला फोन करायचा नसतो. पण उठताना त्यानं टेबलावर आपलं कार्ड ठेवलं होतं. ‘नकाशा लागला तर’ म्हणून. मॅडमना विचारून मी फोन केला.

त्याचं ऑफिस अप्पा बळवंत चौकाजवळ. मी आकडे वाचत होते, तो रंग भरत होता.

“पूर्व आणि मध्य आफ्रिका सगळ्यात गडद,” मी म्हणाले. “काही भागांत निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात हा असतो. भूमध्य समुद्राच्या काठाला मध्यम. युरोपचा उत्तर भाग, अमेरिका, आपण – फिकट.”

“आणि हे सार्डिनिया बेट? शेजाऱ्यांपेक्षा गडद का?”

“नक्की कुणालाच माहीत नाही. एक अंदाज असा, की तिथे डास चावला की आया पोरांच्या अंगाला थुंकी लावायच्या.”

“आणि खरं काय?”

“तेच तर शोधतात सगळे.”

तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत एखाद्या शाळकरी पोरासारखी उत्सुकता होती. नवीन काही कळलं की त्याच्या उजव्या भुवईची कड किंचित वर जायची… हे माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आलंय हेही लक्षात आलं.

“म्हणजे लाळेतून पसरतो,” तो पुन्हा पडद्याकडे बघत म्हणाला. “म्हणजे… चुंबनानंही?”

“त्यानंही.”

“नकाशाच्या दृष्टीनं विचारतोय.”

“हो, मीही नकाशाच्याच दृष्टीनं सांगतेय. लहानपणी आईकडून, भावंडांकडून. मोठेपणी जवळिकीतून. ज्या पुरुषांचे पुरुषांशी संबंध असतात त्यांच्यातही जास्त सापडतो. पण नुसता अंगात असून बहुतेकांना काहीच होत नाही. प्रतिकारशक्ती ढासळली की धोका. एचआयव्ही असेल तर, किंवा–”

“किंवा माझ्यासारखी औषधं चालू असतील तर.”

“हो.”

त्यानं भारतात फिकट पिवळा भरला. “मग बरं झालं, इथे जन्मलो,” तो म्हणाला.

आठवड्यानं त्याचा निकाल लागला. त्याच्यात हा विषाणू नव्हता. नकाशाही पूर्ण झाला. तरी आम्ही दर शनिवारी भेटत राहिलो. कधी तो स्वारगेटहून बस पकडून माझ्याकडे वाघोलीला यायचा आणि दीड तासाच्या ट्रॅफिकबद्दल ब्र काढायचा नाही. पुण्याच्या माणसानं तक्रार न करणं म्हणजे काय, हे मला परभणीच्या मुलीलाही कळत होतं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते आठवत नाही. तो बाहेर काही खायचा नाही, पाण्याची बाटली घरची, आणि आठ वाजता त्याचा गजर वाजला की गोळी. मीही आठ वाजायच्या आत बोलणं थांबवायला शिकले.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला, तेव्हा आम्ही एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभे होतो. त्यानं माझ्या कपाळावरचं पाणी बोटानं निपटलं. बोट तिथेच थांबलं. “दीपमाला…” तो म्हणाला. तेवढ्यात बस आली. मी पळतच चढले. का पळाले, ते घरी पोचेपर्यंत कळलं नाही… आणि कळलं तेव्हा खूप वेळ हसत बसले.

*

त्यानंतरच्या सोमवारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. चाचणी नीट चालतेय का बघायला आम्ही लॅबमधल्या सगळ्यांनीच रक्त आणि लाळ दिली होती. सगळ्यांचं निगेटिव्ह येणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

“तुझं पॉझिटिव्ह आहे,” मॅडम म्हणाल्या. “दोनदा केलं. लाळेतही सापडला. तू ठणठणीत आहेस, तुला घाबरायचं काही कारण नाही. पण… कुठून आला असेल गं?”

मी आईला फोन लावला. माझे वडील साखर कारखान्यात फिटर. मी लहान असताना ते युगांडातल्या एका कारखान्यात चार वर्षं कामाला होते, आणि आम्हीही त्यांच्यासोबत तिथेच राहायचो. मला त्यातलं फक्त लाल मातीचं अंगण आठवतं.

“आई, तिथं मला कोण सांभाळायचं?”

“आगं, रोझ नव्हती का शेजारची. मला मलेरिया झालता, उठवत नव्हतं. तू दीड वर्षाची. तिनंच तुला महिनाभर सांभाळलं. तिच्या लेकरांबरोबर तुला बी केळं चावून मऊ करून भरवायची. ती नसती तर तू कशानं जगली असतीस, देवालाच ठाऊक. का गं?”

“काही नाही. सहज.”

तिच्याकडूनच आला असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण त्या संध्याकाळी मी त्या न आठवणाऱ्या बाईचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. राग येईना. राग यायला तिनं काही केलंच नव्हतं, मला भरवण्याशिवाय.

आणि मग सलिल डोळ्यांपुढे आला. पत्र्याखाली थांबलेलं त्याचं बोट…

मी त्याचे फोन घेणं बंद केलं.

तिसऱ्या शनिवारी तो लॅबच्या फाटकाशी उभा होता.

“माझं काही चुकलं असेल तर सांग,” तो म्हणाला. “काही चुकलं नसेल तर तेही सांग. पण उत्तर न देणं हे तुला शोभत नाही. तू संशोधक आहेस.”

मी सगळं सांगितलं. फाटकाशी, उभ्या उभ्या. मग त्याची भुवई हळूच वर गेली.

“म्हणजे त्या फिकट देशात मी एक गडद ठिपका काढायला हवा होता. वाघोलीत.”

“सलिल, मी गंमत करत नाहीये.”

“मीही नाही.” तो म्हणाला. “मला भीती वाटली आत्ता. खरंच वाटली. पण तू फोन घेत नव्हतीस तेव्हा जास्त वाटत होती. चल, माझ्या डॉक्टरांना विचारू. दोघं मिळून.”

त्याच्या डॉक्टर स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. लाळेत विषाणू रोज असतोच असं नाही, पण कधी असतो ते कळत नाही. धोका आहे, त्याच्यासारख्याला इतरांपेक्षा जास्त आहे, पण किती, हे त्या आकड्यात सांगणार नाहीत. त्याच्या औषधात एक बदल करता येईल का ते त्या बघतील. दर तीन महिन्यांनी तपासणी करायची. अंगावर जांभळट डाग, म्हणजे या कॅन्सरची खूण, दिसला तर त्याच दिवशी यायचं. “जवळ यायचं की नाही, ते मी ठरवणार नाही,” त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सलिल म्हणाला, “मी ठरवलंय.”

“तुझ्या एकट्याचं चालणार नाही,” मी म्हणाले. “किडनी तुझ्या आईची आहे. त्यांना सांगितल्याशिवाय मी तुझ्या जवळ येणार नाही.”

*

सलिलची आई, सुहासिनीकाकू, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला बसायला सांगितलं, चष्मा लावला आणि निकालापासून युगांडापर्यंत सगळं लिहून नेलेली माझी फाईल पहिल्या पानापासून वाचली. सलिल स्वयंपाकघरात चहा टाकत होता.

“ही रोझ,” त्यांनी मान वर न करता विचारलं, “आता कुठे असते?”

“माहीत नाही. आईकडेही पत्ता नाही.”

“शोधायला हवा. एवढं केलं तिनं तुझं.” पान उलटलं. “आणि तुला यातलं कॅन्सरबिन्सर काही?”

“नाही. मला होण्याची शक्यता फार कमी आहे. सलिलला मात्र…”

“ते वाचलं मी.” त्यांनी फाईल मिटली. “ऑपरेशनच्या आधी मलाही असंच सगळं समजावून सांगितलं होतं. काय काय बिघडू शकतं ते. मी ऐकून घेतलं. मी त्याला किडनी दिली ती जगायला. फडताळात जपून ठेवायला नाही. तपासण्या चुकवल्या तर मात्र दोघांनाही बाकावर उभं करीन.”

पदराचं टोक सारखं करायला पदरही नव्हता.

“एक गोष्ट या फाईलमध्ये कुठेच दिसली नाही,” त्या म्हणाल्या. “तुला तो आवडतो का?”

स्वयंपाकघरातला कपबश्यांचा आवाज थांबला.

दोन महिन्यांत मी त्याला विषाणूबद्दल, बेटांबद्दल, डासांबद्दल सगळं सांगितलं होतं. हे एवढंच राहिलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “खूप.”

“मग हे आधी सांगायचं,” काकू म्हणाल्या, “फाईल नंतर.” आणि आत बघून आवाज चढवला, “सलिल, ऐकलंस ना? आता चहा आण. उतू जातोय.”