नकोशी असल्याचा दाखला

“बाबा, या घरात मला राहणं अशक्य झालंय, असं लिहून देशील का?”

रविवारी जेवताना फोतिनीनं एका दमात विचारून टाकलं. ‘तुझ्याच्यानं विचारवणार नाही,’ असं म्हणून शाळेत कर्स्टी आणि जॅस्मिन या मैत्रिणींनी डिवचलं होतं ना तिला! आईबाबांची मिळकत नियमापेक्षा जरा जास्त भरली, म्हणून ऑस्ट्रेलियन सरकारचा विद्यार्थी-भत्ता तिला मिळणार नव्हता. पण घर असह्य आहे असं ठरलं, तर सरकार तिला स्वावलंबी मानणार होतं... मग भत्ता, मग अ‍ॅडलेडचं कॉलेज, मग जनावरांची डॉक्टर!

आईचा डाव हवेतच थांबला. “कोण छळतं गं तुला इथे?”

“कोणी नाही. नुसतं कागदावर.”

“आणि ग्रीक चर्चच्या अंगणात बायकांनी विचारलं, थानासिसनं आपल्या पोरीचं काय केलं, तर? कागदावर केलं म्हणू?”

ताट तसंच ठेवून बाबा संत्र्यांच्या बागेत निघून गेले.

दुपारभर फोतिनीला चैन पडेना. पुस्तक उघड, मिट, खिडकीशी जा, परत ये... आपण गंमत केली की घाव घातला, हेच तिला उमगेना.

उन्हं कलताना बाबा आले आणि त्यांनी एक कागद पुढे केला. वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: मी दारू पितो. मुलीवर हात उगारतो. तिनं माझ्याजवळ राहू नये.

चर्चमधल्या प्रसादाच्या चमचाभर वाइनपलीकडे थेंबही न शिवणारे बाबा... आणि खाली साक्षीदार म्हणून आईची सही!

“चुका बघ,” बाबा हळूच म्हणाले. “माझं इंग्रजी कच्चं. साहेबांनी फोन केला तरी मी हेच सांगेन.”

“आणि लोक?”

“बोलतील चार दिवस. तू शिक, बाळा.”

फोतिनीच्या डोळ्यांना धार लागली. तिनं कागदाचे तुकडे तुकडे केले.

“अगं, आता काय करणार?” आईनं झग्याच्या बाहीनंच डोळे टिपले.

“परीक्षा झाली की मी संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला लागतेय. दीड वर्ष, आठवड्याला तीस तास. तेवढं कमावलं की सरकार मला स्वावलंबी धरतं, आणि त्यात कोणाला राक्षस व्हावं लागत नाही.”

“पण तुझं कॉलेज...” बाबा कागदाचे तुकडे गोळा करत म्हणाले.

“थांबेल. मी ठरवलंय, बाबा. आणि तोवर मी इथेच राहणार. माझी खोली कोणा पाहुण्याला द्यायची नाही.”