गोड बोलणारे फोन

तराफा बुडाला तेव्हा बंब त्याच्यावर उभा राहून कप्तानाचं भाषण ठोकत होता. भाषण अर्धवट राहिलं आणि कप्तान कालव्यात गेला. पाणी जेमतेम छातीइतकं होतं, म्हणून काठावरच्या दोघींनी आधी पोट धरून हसून घेतलं आणि मगच त्याला हात दिला.

सुट्टी लागल्यापासून तिघं त्या तराफ्याच्या मागे होते. झिपरी सुट्टीपुरती मावशीकडे आली होती. तिच्या केसांनी कंगव्याशी कधीच जुळवून घेतलं नव्हतं, म्हणून ती झिपरी. तिची आई वरच्या डोंगरातल्या धरणावर अभियंता होती आणि उन्हाळाभर तिला तिथून हलता येत नव्हतं. बंब हा मावशीचा मुलगा, अंगाने गोल आणि डोक्याने कायम तापलेला. शेजारच्या शंकाला तर तिचे आजोबासुद्धा याच नावाने हाक मारत. 'जेवायला चल' म्हटलं तरी ती 'का?' असं विचारायची.

फुटक्या तराफ्याच्या फळ्या वाळवायला त्यांनी कालव्याच्या भरावापलीकडे नेल्या, आणि उतारावर झिपरीचा पाय घोट्यापर्यंत रुतला. आठवडाभर उन्हाने माती भाजून निघत होती. इथे मात्र चिखल होता. गवताच्या बुडाशी एक बारीक धार वाहत होती, चहाच्या रंगाची. तिथून खाली मावशीच्या गल्लीची छपरं दिसत होती.

झिपरीने वाकून धारेत बोट बुडवलं. आईने तिला एकदा भरावावरून फिरवताना सांगितलं होतं की, स्वच्छ पाझर म्हणजे भरावाला आलेला घाम, त्याला भ्यायचं नाही. पण पाझर गढूळ झाला की समजायचं, भराव आतून वाहून चालला आहे.

संध्याकाळी आईचा फोन आला. झिपरीने एका दमात सगळं सांगून टाकलं. आई ओरडेल, जागा विचारेल, लगेच माणसं धाडेल असं तिला वाटलं होतं.

"वा, छान," आई म्हणाली. "उन्हात खेळताना टोपी घालत जा हं."

झिपरीने पुन्हा सांगितलं. आई पुन्हा छान म्हणाली. आवाज आईचाच होता, ती बोलताना मध्येच श्वास घ्यायची तोही तसाच. पण आई असं बोलत नसे. काय सुचलं कोण जाणे, तिने विचारलं, "आई, आपण हत्ती पाळला होता, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? किती गुणी होता," आई हसून म्हणाली.

झिपरीने फोन ठेवला. त्यांनी कधी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं.

सकाळी तिने दोघांना हत्तीची गोष्ट सांगितली. बंब हसला. शंका हसली नाही. तिने एक युक्ती काढली. मावशीच्या शिवणघराची आणि स्वयंपाकघराची भिंत इतकी पातळ होती की इकडचं बोलणं तिकडे सहज ऐकू यायचं. बंबने मावशीचा फोन घेऊन शिवणघरात बसायचं आणि झिपरीने तिच्या फोनवर पलीकडे ऐकायचं. एक कान फोनला, एक भिंतीला.

"तू गाढव आहेस आणि माझ्या पोटात दुखतंय," भिंतीतून बंबचा आवाज आला.

"तू हुशार आहेस आणि माझं पोट भरलंय," फोनमधला बंब म्हणाला.

भिंतीपलीकडे बंब उत्साहाने आणखी शिव्या घालत होता आणि फोनमधून स्तुतिसुमनं बरसत होती. शंकाने झिपरीच्या हातातून फोन घेतला, स्वतः ऐकलं आणि टेबलावर अलगद ठेवला, जणू तो चावेल.

तिघं तडक दूरध्वनी केंद्रात गेले. तिथले केंद्रप्रमुख भले गृहस्थ होते. त्यांनी मुलांना बसायला खुर्च्या दिल्या आणि लपवालपवी न करता सगळं सांगितलं, उलट थोड्या अभिमानानेच. लोक फोनवर फार भांडत, रडत, एकमेकांच्या जिवाला घोर लावत. म्हणून त्यांनी 'गोडवा' नावाचं यंत्र बसवलं होतं. बोलणाऱ्याच्याच आवाजात ते कडू शब्द गोड करून पुढे पाठवायचं. कोणी फोन उचलू शकला नाही, तर त्याच्या वतीने दोन शब्द बोलायचंही. सुरुवातीला गोडवा अगदी थोडा ठेवला होता. तक्रारी कमी झाल्या, तसा त्यांनी तो वाढवत नेला. आता तो शेवटच्या टोकाला होता आणि तक्रार एकही येत नव्हती.

"पण तक्रारसुद्धा फोनवरच करतात ना?" शंकाने विचारलं.

केंद्रप्रमुख म्हणाले की लोक खूश आहेत हे रस्त्यावरही दिसतंच. गढूळ पाझराबद्दल ऐकल्यावर त्यांनी मुलांसमोरच कालवा निरीक्षकांना फोन लावला. पलीकडून ठणठणीत आवाज आला, "सगळं छान आहे." केंद्रप्रमुखांनी हात पसरले. मुलांनी सुट्टीत मजेत खेळावं, असं त्यांचं मत पडलं.

कालवा निरीक्षक आपल्या चौकीत टेबलावर पाय टाकून बसले होते. त्यांनी काही नाकारलं नाही. पाझर त्यांनीही पाहिला होता, धरणावर फोनही केला होता आणि दुरुस्तीची माणसं निघाली आहेत असं उत्तरही त्यांना मिळालं होतं. तेव्हापासून ते माणसांची वाट पाहत होते. आज दुपारनंतर धरणातून कालव्यात जास्त पाणी सुटायचं आहे, तोवर ती येतीलच, असं ते म्हणाले. स्वतः धरणावर जाऊन सांगा, असं झिपरीने विनवल्यावर त्यांनी चौकी सोडायची परवानगी मागायला फोन उचलला. फोन म्हणाला, काळजीचं कारण नाही. निरीक्षकांनी पाय पुन्हा टेबलावर ठेवले.

बाहेर आल्यावर शंका म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलंय. आणि कोणालाच काही माहीत नाही."

झिपरीने सायकल उचललीच होती.

धरणाचा रस्ता चढाचा होता. बंब अर्ध्या वाटेपर्यंत कुरकुरत आला आणि पुढे कुरकुरायलाही त्याच्यात दम उरला नाही. रस्त्याच्या कडेने कालवा खाली चालला होता, नेहमीसारखा संथ आणि चमकता. झिपरी सारखी त्याच्याकडे बघत होती. पाण्याची रेघ काठावर मघापेक्षा वर आली आहे, की उगाच तसं वाटतंय, हे तिला ठरवता येईना.

फाटकावर पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. त्याने नियंत्रण कक्षात फोन लावून झिपरी आल्याचं सांगितलं. उत्तर ऐकून तो म्हणाला, "तुझी आई म्हणते, मजेत राहा. भेटायची गरज नाही."

"ती असं कधीच म्हणणार नाही," झिपरी म्हणाली. "मला बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही."

पहारेकऱ्याने मान हलवली. नियम म्हणजे नियम. बंब आडव्या दांडीखालून शिरायच्या बेतात होता. शंकाने त्याचा सदरा धरून ठेवला. ती पहारेकऱ्याला म्हणाली की आमच्यावर विश्वास ठेवू नका, फक्त एक करा. वर फोन लावा आणि सांगा की फाटकाला आग लागली आहे. खोटं बोलल्याबद्दल ओरडा बसला, तर आम्ही गपचूप घरी जाऊ.

पहारेकरी हसला. मुलांची मौज म्हणून त्याने फोन लावला. "फाटकाला आग लागली आहे," तो म्हणाला. "फार मोठी."

त्याने ऐकलं. हसू ओसरलं. त्याने तेच वाक्य पुन्हा, जोरात म्हटलं. मग फोन हळूच खाली ठेवला.

"काय म्हणाल्या?" शंकाने विचारलं.

"छान. काम चालू ठेवा."

त्याने दांडी वर केली आणि मुलांच्या पुढे तोच धावत सुटला.

नियंत्रण कक्षात आई काचेच्या भिंतीपाशी उभी होती. कालव्याचं दार आणखी उघडण्यासाठी तिने बटणावर बोट ठेवलं होतं. झिपरीला पाहून तिने हात मागे घेतला.

"तू इथे कशी? आत्ताच तर तुझ्याशी बोलले. गल्लीत खेळतेयस म्हणालीस."

झिपरीच्या खिशातला फोन सकाळच्या युक्तीनंतर वाजलाच नव्हता.

पाझर, त्याचा रंग, जागा, सगळं तिने पुन्हा सांगितलं. या वेळी आई छान म्हणाली नाही. एकही प्रश्न न विचारता तिने कालव्याचं दार बंद केलं आणि गावाचा भोंगा वाजवला. पण दार बंद झालं तरी कालव्यात आधी सोडलेलं पाणी गल्लीकडे निघालं होतं, आणि भोंगा ऐकून लोक पहिलं काय करतील हे तिला उमगलं. ते फोन उचलतील.

धरण सोडून तिला जाता येत नव्हतं. तिने झिपरीचे खांदे इतके घट्ट धरले की ते दुखले. पहारेकऱ्याच्या जीपमधून जा, ती म्हणाली. दारोदार जा, तोंडाने सांगा, सगळ्यांना शाळेच्या टेकडीवर न्या. भरावाकडे मात्र कोणीही फिरकायचं नाही. बोलताना तिचा आवाज कापत होता. झिपरीने तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऐकला.

गल्लीत पोहोचले तेव्हा भोंगा चालूच होता आणि लोक दारात उभं राहून फोनवर बोलत होते. सगळ्यांचे चेहरे निवांत होते. सराव चाललाय म्हणे, असं एक आजी त्यांना समजुतीने सांगू लागल्या. बंबने त्यांचा फोन हातातून काढून घेतला, त्यांना हाताला धरून जीपकडे नेलं आणि मग परत येऊन फोनबद्दल माफीही मागितली. पहारेकरी गल्लीच्या एका टोकाकडून ओरडत निघाला, शंका दुसऱ्या टोकाकडून.

झिपरी शिवणघरात शिरली. मावशी शिवणयंत्रावर बसून बाही शिवत होती. फोन शेजारी उघडा ठेवला होता आणि त्यातून झिपरी बोलत होती.

"मावशी, भोंग्याला घाबरू नकोस. मी बंबबरोबर आहे, अगदी सुखरूप. तू घरीच थांब हं. माझी लाडकी मावशी."

दारात उभी असलेली झिपरी थिजली. तो तिचाच आवाज होता, पण तिच्यापेक्षा गोड. मावशीला ती लाडकी असं कधी म्हणालीच नव्हती.

"मावशी, ऊठ. भराव फुटतोय."

मावशीने मान वर केली. तिने दारातल्या मुलीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. फोन अजून मायेने बोलत होता. दारातली मुलगी चिखलाने माखली होती आणि तिचा घसा बसला होता.

"अगं, पण तूच तर आत्ता..."

"ती मी नाही. मी काय अशी बोलते? मी तुला न विचारता तराफ्याला तुझी दोरी घेतली, ती बुडाली, आणि आता तू उठली नाहीस तर मी तुला ओढत नेणार आहे."

मावशी झटकन उठली. "नवी दोरी होती कारटे," ती म्हणाली आणि झिपरीचा हात धरून धावू लागली.

टेकडीवरून सगळ्यांनी ते पाहिलं. भराव फारसा आवाज न करता खचला, आणि तपकिरी पाणी गल्लीत शिरून पायऱ्या, ओटे, उंबरे एकामागून एक गिळत गेलं. आईने दार वेळेवर बंद केलं होतं, म्हणून ते खिडक्यांपाशी थांबलं. गल्लीत एकही माणूस उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात नगराध्यक्षांनी तिन्ही मुलांना पुढे बोलावून त्यांचं कौतुक केलं. कालवा निरीक्षकांनी मान खाली घालून शंकाशी हात मिळवला. केंद्रप्रमुखांचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा दिसत होता. खोटं बोल असं त्यांनी यंत्राला कधीच सांगितलं नव्हतं, ते पुन्हा पुन्हा म्हणत होते; लोकांची काळजी कमी कर, एवढंच सांगितलं होतं. गोडवा त्यांनी सकाळीच बंद केला होता.

आई डोंगरातून खाली आली ती सरळ झिपरीकडे. तिने मुलीला जवळ घेतलं. "इतकी वाईट बातमी घेऊन इतका चढ चढलीस," ती म्हणाली. "शाबास." थोड्या वेळाने म्हणाली, "मला फार भीती वाटली गं."

"मलापण," झिपरी म्हणाली.

अंगणात फोन वाजू लागले होते. या वेळी ते खरं बोलत होते. कोणी रडत होतं, कोणी भांडत होतं. बंबचे बाबा दुसऱ्या शहरात कामाला होते आणि फोनवर रोज मजेत असायचे. आज कळलं की ते कित्येक दिवस तापाने अंथरुणात पडून आहेत, आणि घरचं कोणीच विचारत कसं नाही म्हणून रुसून बसले आहेत.

संध्याकाळ व्हायच्या आत केंद्रप्रमुखांभोवती गर्दी जमली. आभार मानायला असतील, असं मुलांना वाटलं. पण लोक अगदी हळू आवाजात, एकमेकांची नजर चुकवत, गोडवा पुन्हा चालू करा असं सांगत होते. पहिल्यासारखा नको. थोडासा.

"थोडासा म्हणजे किती?" शंकाने विचारलं.

गर्दीत मावशीही होती. रडून तिचे डोळे सुजले होते. "आजच्या रात्रीपुरता तरी," ती केंद्रप्रमुखांना म्हणत होती. "झोप तरी लागेल."

केंद्रप्रमुखांनी उत्तरासाठी झिपरीच्या आईकडे पाहिलं, मग नगराध्यक्षांकडे. तेवढ्यात बंब गर्दीतून वाट काढत आला आणि मावशीच्या कोपराला धरून उभा राहिला. आज तो तापला नव्हता.

"आई, झोपायचं कशाला?" तो म्हणाला. "जीप उभी आहे. बाबांकडे जाऊ."

मावशीने पदराने तोंड पुसलं आणि वळून जीपच्या दिशेने चालू लागली. झिपरी आणि शंका मागे धावल्या. आपण येऊ का, असं विचारायला त्या थांबल्याच नाहीत.