काळ्या चतुराची कात

घळीत उतरायचं कारण अंगठ्याएवढं होतं. काळा चतुर! डोंगरातल्या त्या अरुंद घळीत, तिथल्याच पाण्यावर तो उडतो, एवढं संग्रहालयातल्या कीटकतज्ज्ञांना ठाऊक होतं. त्याची पाण्यात राहणारी अळी त्यांच्याकडे बाटलीत होती आणि पूर्ण वाढलेला चतुर पेटीत टाचून ठेवलेला होता. पण मधलं काहीच नव्हतं. अळी पाण्याबाहेर येते, तिची पाठ उकलते आणि जुन्या कातीतून पंखांचा जीव बाहेर पडतो, हे कुणी कॅमेऱ्यात धरलं नव्हतं. नव्या दालनासाठी त्यांना नेमकी तीच चित्रं हवी होती.

काम मुंगीकडे आलं. मुंगी हे तिचं घरचं नाव. ती दातांच्या प्रयोगशाळेत टोप्या आणि कवळ्या घडवायची, आणि सुट्टीच्या दिवशी बागेत कॅमेरा घेऊन पालथी पडलेली असायची. गोगलगाईची शिंगं, कोळ्याचे आठ डोळे, पानांवरचा मावा खाणारा ढालकिडा, सगळे तिच्या लेन्ससमोरून गेले होते. "हिला पाहुणे दिसत नाहीत, पाहुण्यांच्या बुटावरची मुंगी दिसते," असं तिचा मोठा भाऊ एकदा म्हणाला आणि ते नाव चिकटलं.

बरोबर दोघं होते. मामा जमीनमोजणीच्या नोकरीत असताना तरुणपणी ही घळ पायी फिरलेला. वहिनी पोहायला शिकवायची. "पाण्यात उतरायचं आणि मी नको?" एवढं विचारून तिने पिशवी भरली होती. भाऊ घरी राहिला.

उतरण पहिल्याच वळणावर अंगावर आली. खडक शेवाळलेला, पायाखाली घसरडं आणि बाजूला धरायला काटेरी वेली. मुंगीच्या पाठीवर कॅमेरा होता आणि मामाच्या खांद्यावर तिचा जुना, जाडजूड ट्रायपॉड.

"अगं, हा ट्रायपॉड आहे की पलंगाचा पाय?" मामा धापा टाकत म्हणाला.

"हलका घेतला तर थरथरतो, मामा. आणि तो थरथरला की फोटो गेला."

"आणि मी थरथरतोय त्याचं काय?"

दुपारी घळ अरुंद झाली. दोन्ही बाजूंना उंच कातळ, मध्ये कमरेएवढं थंड पाणी. मामा एकदम थांबला. त्याने वर बोट दाखवलं. कातळाच्या पोटाला काळी, सुपाएवढी मधमाश्यांची पोळी लटकत होती! त्यांच्यावरून सरसर लाटा सरकत होत्या. मुंगीचा हात नकळत कॅमेऱ्याकडे गेला.

"फ्लॅश उडवलास तर इथूनच सरळ वर पोचू," मामा कुजबुजला.

तिने हात खाली घेतला. तिघं पाण्यात गळ्यापर्यंत बसली आणि सामान डोक्यावर धरून इंचाइंचाने पुढे सरकली. कुणी शिंकलं नाही. वळण ओलांडल्यावर वहिनी पहिल्यांदा मोठ्याने हसली, तेव्हा तिचे ओठ निळे पडलेले दिसले.

मुक्काम पडला तो वाळूच्या एका छोट्या पट्टीवर. पुढ्यात डोह होता, डोहाच्या कडेला पाण्याबाहेर जेमतेम वीतभर आलेले सपाट दगड. चतुर बाहेर पडणार तो इथेच. उंच गवतावर चढून कात टाकण्याची या जातीची रीत नव्हती. ती पाण्याच्या काठाशीच, दगडावर आडवी पसरून हे काम उरकते. तज्ज्ञांनी सांगितलं होतं, "धोका तोच आहे. पाणी जरा वाढलं की संपलं."

पहिल्या सकाळी एक अळी आली. मातकट, सहा पायांची, सावकाश. मुंगी दगडावर पोट टेकून पडली. पाठीवर चीर पडली, आतून फिकट, ओलसर काहीतरी फुगून वर आलं. तिने बटणावर बोट ठेवलं.

टप!

एक धोबी पक्षी आला, त्याने शेपटी दोनदा हलवली आणि अळी उचलून नेली.

"नाश्ता झाला त्याचा," वहिनी म्हणाली. मग मुंगीचा चेहरा पाहून तिने कोरड्या बिस्किटांचा पुडा पुढे केला. "खा. तुझाही होऊ दे."

दुसऱ्या सकाळी दुसरी अळी त्याच दगडावर चढली. या वेळी वहिनी डोहापलीकडे उभी राहून धोब्याला हाकलत होती, आणि मामा ओढ्याच्या वरच्या अंगाला पाण्यावर नजर ठेवून होता. लांबच्या डोंगरांवर ढग साचलेले त्याला आवडले नव्हते.

मुंगीला यातलं काहीच दिसत नव्हतं. इतक्या जवळून पाहताना लेन्सला केसाएवढ्या जाडीचाच पट्टा स्पष्ट दिसतो. डोळा नेमका आला की मिशी धूसर होते. म्हणून एकाच क्षणाचे बरेच फोटो घ्यायचे, दर वेळी लेन्स किंचित पुढे सरकवायची आणि मग घरी ते एकावर एक रचून एक पूर्ण चित्र करायचं. ती श्वास रोखून काम करत होती. पाठ उकलली. डोकं बाहेर आलं, मोठ्या धुरकट डोळ्यांचं. छाती आली. पाय आले, हवेत चाचपडले आणि त्यांनी दगड धरला. खांद्यांपाशी पंखांच्या चार चुरगळलेल्या घड्या होत्या, ओल्या कागदासारख्या. आता त्या उलगडणार होत्या. हेच हवं होतं!

"पाणी गढूळ झालं!"

मामाची हाक आली आणि पाठोपाठ दगड गडगडल्याचा आवाज. मग हाक नाही, नुसती किंकाळी.

मुंगीने डोळा कॅमेऱ्यावरून काढला. मामा धावत येताना घसरला होता. एक मोठा धोंडा कलंडून त्याच्या घोट्यावर बसला होता, आणि पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. ते वर चढत होतं; त्याबरोबर फेस आणि पालापाचोळा वाहून येत होता. वहिनीने केव्हाच उडी मारली होती. तिने मागून मामाच्या काखेत हात घातले आणि त्याचं डोकं वर धरलं.

"मुंगे! ट्रायपॉड आण! धोंड्याखाली घालायला!"

मुंगीने कॅमेरा सोडवायचा प्रयत्न केला. खिट्टीत वाळू अडकलेली! खिट्टी हलेना. तिने एकदा चतुराकडे पाहिलं. पहिला पंख उलगडू लागला होता. पाणी त्याच्या दगडाच्या कडेला लागलं होतं.

तिने कॅमेऱ्यासकट ट्रायपॉड उचलला आणि धावली.

ट्रायपॉडचे पाय मिटवून तिने ते धोंड्याखाली खुपसले. वरच्या टोकाला ती लटकली. काही झालं नाही. पुन्हा लटकली. लेन्स पाण्यात बुडाली, कशावर तरी आपटली, काच फुटली. पाणी मामाच्या हनुवटीला आलं.

"मामा, रडू नका, पाय ओढा!" वहिनी ओरडली.

"रडत नाहीये सूनबाई, पाणी जातंय डोळ्यांत!"

मुंगीने सगळं अंग टाकलं. एक पाय कडकन वाकला. धोंडा बोटभर उचलला गेला. वहिनीने हिसडा दिला आणि मामा सुटला!

दोघींनी त्याला ओढत, ढकलत कातळाच्या एका कपारीवर चढवलं. खाली वाळूची पट्टी दिसेनाशी झाली, पिशव्या तरंगत गेल्या. मुंगीच्या हातात वाकलेल्या ट्रायपॉडसकट कॅमेरा मात्र होता. का धरून ठेवला होता, हे तिलाही सांगता आलं नसतं. वहिनीने स्वतःचा सदरा फाडून मामाचा घोटा बांधला.

मग तिघांनी डोहाकडे पाहिलं. सपाट दगडाचा माथाच तेवढा उरला होता. त्यावर चतुर बसलेला होता, चारही पंख पसरून. ते काचेसारखे चमकत होते आणि अजून नीट वाळले नव्हते. पाणी त्याच्या पायांशी आलं. तो थरथरला. एक लाट दगडावरून गेली, आणि तो तिच्या वर होता! डगमगत, खाली येत, पुन्हा सावरत तो कपारीपर्यंत आला, तिघांच्या डोक्यावरून गेला आणि कातळावरच्या उन्हात दिसेनासा झाला.



"मिळाला का फोटो?" मामाने विचारलं.

"नाही," मुंगी म्हणाली. "पाय हलवून दाखव."

पाणी दुपारनंतर उतरलं. मामाला आळीपाळीने पाठीवर घेऊन दोघी मधमाश्यांखालून पुन्हा त्याच वाटेने परतल्या, तो वेदना गिळून गप्प राहिला. घोटा मोडला होता, पण पुढे जुळून आला. कॅमेरा कामातून गेला. त्यातलं कार्ड वाळवल्यावर उघडलं.

संग्रहालयात कीटकतज्ज्ञ पडद्यावर एकेक चित्र पुढे सरकवत गेले. चीर, डोकं, धुरकट डोळे, दगड धरणारे पाय. ते खुर्चीवरून अर्धे उठले होते. चुरगळलेल्या पंखांपाशी मालिका थांबली. त्यांनी बटण पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं.

"यापुढची कुठे आहेत? पंख उघडतानाची?"

"नाहीत."

"पण तुम्ही तिथेच होतात ना? एवढ्या जवळ असून..."

"होते," मुंगी म्हणाली. "पण तेव्हा हात मोकळे नव्हते."